मोजू नका, लहर मोडेल

अकोटच्या मंगल कार्यालयात पाय ठेवायला जागा नव्हती. मंचावर चुंबकाचं पाणी देणाऱ्या शेखरजींनी तांब्याची नळी उभी धरली आणि वरून चकचकीत चुंबक सोडलं. दुसरं काही असतं तर टपकन पडलं असतं. हे मात्र सावकाश, लाडात आल्यासारखं उतरलं. माणसांनी हात जोडले.

ही म्हणे क्वांटम चुंबकशक्ती. या नळीतून ओतलेलं पाणी प्यायलं की पेशींची उत्तर-दक्षिण जुळते आणि रक्तातली साखर खाली बसते. औषध बंद करायचं. पथ्य एकच, चाळीस दिवस साखर तपासायची नाही. का, तर क्वांटममध्ये मोजलं की लहर मोडते!

कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या नीलमच्या तळपायाची आग मस्तकात गेली. शेजारी तिची आई इंदूबाई त्या पाण्याची बाटली कवटाळून बसली होती. अठरा दिवस औषध बंद, आणि पायाच्या अंगठ्याची जखम चिघळत चाललेली. सांगून सांगून नीलमचं तोंड दुखलं. आईचं उत्तर ठरलेलं होतं, "तूच त सांगतलं होतं, चुंबकाचं शास्त्रज्ञायलेबी पुरतं कळलं नाही." ते तिनं सांगितलं होतं आणि ते खरंही होतं. म्हणूनच तिला जास्त चीड येत होती.

तिनं एसी दुरुस्त करणाऱ्या गुलफामला सोबत आणलं होतं. दोघं थेट मंचावर गेले. गुलफामनं दुकानातली तांब्याची नळी धरली, नीलमनं प्रयोगशाळेतलं चुंबक सोडलं. तेही तसंच रेंगाळत उतरलं. मग प्लास्टिकच्या नळीत सोडलं, तर खटकन खाली. तिनं समजावून सांगितलं, की चुंबक सरकलं की तांब्यात विजेचा प्रवाह तयार होतो आणि तोच प्रवाह चुंबकाला अडवतो. यात पाण्याचा काही संबंध नाही.

मग मागून एकानं गुलफामला विचारलं, "भाऊ, हे नळी कितीले देता?"

हसावं की रडावं तेच नीलमला कळेना. ती खाली आली आणि पर्समधून साखर तपासायचं यंत्र काढून आईसमोर बसली. शेखरजी माइकवरून ओरडू लागले, मोजू नका, लहर मोडेल.

इंदूबाईनं मान वर केली. "पाणी खरं असन, त मोजाले काहून भेता?"

तिनं बोट पुढं केलं. आकडा आला, तीनशे ब्याऐंशी. तिनं कवटाळलेली बाटली खाली ठेवली.

"चुंबकाचं पुरतं कळलं नाही, आई," नीलम म्हणाली, "पण तुह्या साखरेचं कळलं हाये. चाल, दवाखान्यात जाऊ."

निघताना तिनं पाहिलं, तर नळीचं पाणी घ्यायला लागलेली रांग निम्मीच मोडली होती. उरलेल्यांना सांगायचं ते एवढंच. जो मोजू नका म्हणतो, त्याच्यासमोरच मोजा. चाळीस दिवस थांबू नका, आज मोजा.