एकोणिसाचा मान

“ताई, आकडा मोठा म्हणजे मान मोठा नव्हे. उलटं आहे ते. मोठा आकडा दिलात, तर ते काम बिचारं उपाशी मरेल.”

ओवेस हे सांगत होता तेव्हा मी फोन खांद्याशी दाबून रियाचं दुपटं बदलत होते. खालापूरचा ओवेस आमच्या कंपनीतला. घरून काम करणाऱ्यांचे कॉम्प्युटर तोच सांभाळतो. मी शेलूच्या फ्लॅटमध्ये बसून जमिनींच्या जुन्या नकाशांचं काम करते. त्याच कॉम्प्युटरवर पलीकडच्या खोलीतल्या कॅमेऱ्याचा प्रोग्रामही चालू असतो. आठ महिन्यांच्या रियाला एकदा तापात झटका आला होता. तेव्हापासून माझी नजर तिच्यावरून हटत नाही. ती रडली की माझ्या हेडफोनमध्ये टिंग वाजतं.

“कॉम्प्युटरवरचं चालू काम बंद न करता त्याचा रांगेतला नंबर पुढेमागे करता येतो,” ओवेस म्हणाला. “त्या आकड्याला नाइस म्हणतात. म्हणजे भला माणूस. आकडा जेवढा मोठा, तेवढं काम भलं. ‘आधी तुम्ही घ्या, उरलं तर मी’ म्हणणारं. एकोणीस म्हणजे सगळ्यात भलं.”

“आमच्या सासूबाईंसारखं की!”

दोघंही हसलो.

“लिहून ठेवा, ताई.”

“अरे, शिकलेय रे मी. राहील लक्षात.”

नाही लिहिलं.

गुरुवारी दुपारी नकाशे पाठवायचे होते आणि एक वाजता मीटिंग होती. रियाला सांभाळायला सासूबाई पोशीरहून आलेल्या. त्यांना साखरेचा त्रास आहे. सकाळची गोळी घेऊन नुसता चहा झाला होता.

“आई, तुम्ही जेवून घ्या. मला वेळ लागेल.”

“तुज्याआदी? नाय गं बाय. मी काय, कवाबी जेवीन. तू जा, तुजा सायब वाट बघत आसंल.”

मी दार लावून बसले. नकाशांचं काम जोरात चालू झालं आणि कॅमेऱ्याचं चित्र अडखळायला लागलं. रियाचा पाय वर दिसायचा, मग एकदम खाली. जीव कासावीस झाला. मीटिंग सुरू होता होता मी एक ओळ टाइप केली आणि कॅमेऱ्याच्या प्रोग्रामला एकोणीस देऊन टाकला. सगळ्यात मोठा आकडा, माझ्या लेकीला.

अडखळणं थांबलं. रिया पाळण्यात शांत झोपलेली दिसत होती. मी बोलता बोलता सारखी तिच्याकडे बघत होते. टिंग वाजलं नाही.

मीटिंग संपली तेव्हा कॉम्प्युटरवर एक चाळीस झाले होते. सहज नजर गेली ती चित्रातल्या भिंतीवरच्या घड्याळाकडे. एक वाजून दोन मिनिटं. सेल संपला असेल, असं वाटलं. मग पहिल्यांदा पाळण्याच्या बाजूला पाहिलं. आई भिंतीला टेकून बसलेल्या. घाम पुसायला पदर धरलेला हात कपाळाकडे निघालेला. अर्ध्यातच. मी बघत राहिले. हात खाली येईना.

मी अडतीस मिनिटं एकच फोटो बघत बसले होते.

हेडफोन फेकला तर भिंतीपलीकडून रियाचं रडणं. घसा बसलेलं. दार उघडलं. रिया पाळण्याचे गज धरून बसलेली, तोंड लाल. आई खाली फरशीवर आडव्या, घामाने निथळलेल्या, डोळे अर्धे मिटलेले.

खरं सांगते, मी आधी पाळण्याकडे धावले. रियाला उचललं, सगळीकडे हात फिरवून पाहिलं. तिला काही झालं नव्हतं. मग आईंकडे वळले.

हाका मारल्या, ओ नाही. त्यांना कुशीवर वळवून हिरड्यांना साखर चोळली. माझं ओरडणं ऐकून खालच्या मजल्यावरच्या नफिसाभाभी वर आल्या, रिया त्यांनी घेतली. त्यांच्या लियाकतभाईंच्या रिक्षातून आम्ही नेरळचा दवाखाना गाठला. डॉक्टरांनी साखर तपासली आणि माझ्याकडे बघून विचारलं, “यांनी शेवटचं कधी खाल्लं?”

रियाने सकाळी किती चमचे पेज खाल्ली, ते मला सांगता आलं असतं.

सलाइन चढल्यावर आईंनी डोळे उघडले.

“पोरीला भरवलंस का गं?”

“आई, हाक का नाही मारलीत?”

“गरगरत व्हतं. म्हटलं, थांबंल. तुजी मिटिंग चाललेली नं.”

संध्याकाळी ओवेसने खालापुरातून माझा कॉम्प्युटर उघडून पाहिला. “ताई, एकोणीस?” एवढंच म्हणाला. नकाशांच्या मागे उपाशी पडलेलं कॅमेऱ्याचं काम त्याने एका ओळीत पुढे आणलं. रियाच्या रडण्याचं टिंग तोवर रांगेतच पडून होतं. पुन्हा लावलेल्या हेडफोनमध्ये ते तेव्हा वाजलं. मी दचकून दाराकडे पाहिलं. रिया तर माझ्या मांडीवर झोपली होती.

आई आता घरी आहेत. आजही म्हणाल्या, “तू जेव गं, मी बसते मागनं.” मी दोन ताटं घेतली आणि त्यांचा पहिला घास पोटात जाईपर्यंत माझ्या ताटाला हात लावला नाही. चिडल्या माझ्यावर.

तुमच्याही घरात कोणीतरी शेवटी जेवणारं असेल. हे वाचणं राहू द्या, आत्ता उठून त्यांच्याकडे जा. “जेवलात का?” असं विचारू नका, हो म्हणतील. मोरीत त्यांचं खरकटं ताट पडलंय का, ते बघा.