शिवेवरचा आहेर

लेकीला मूल होईपर्यंत तिच्या सासरी जेवायचं नाही, हा नेम वऱ्हाडात पुष्कळ बाप पाळत. किन्हीराजाच्या जगदेवरावांनी त्यात स्वतःची भर घातली होती. तिथलं पाणीही प्यायचं नाही. आणि नुसतं घरातलं नव्हे, त्या गावाच्या शिवेत कुठलंच नाही. माणूस शेतीत बेताचा, भजनात बेसूर, कुस्तीत कायम खालच्या अंगाला. कशात तरी पहिलं यावं असं कोणाला वाटत नाही? जगदेवराव तहानलेलं राहण्यात पहिले आले होते आणि ही जागा सोडायला तयार नव्हते.

त्यांची मनकर्णा केनवडला दिली होती. दर सणाला जगदेवराव गाडी जुंपून तिच्याकडे काही ना काही घेऊन जात. आपण दिलेला प्रत्येक खण आणि तिकडून उलट आलेली प्रत्येक टोपी त्यांच्या डोक्यात नीट मांडून ठेवलेली असे. परतीचा आहेर ते न चुकता घेत. तो नाकारणं म्हणजे व्याह्याचा अपमान, आणि त्याहून वाईट म्हणजे हिशेब लोंबकळत राहतो.

वाटेसाठी घरचं पाणी फिरकीच्या झाकणाच्या तांब्यात असे. ते पुरावं म्हणून घोट मोजके. शिवाय उतरायला गाडी थांबवली की बैल बसून घेत, म्हणून लघवीही दाबून धरायची. अशी दोन्ही टोकांनी काटकसर करत माणूस तीन वर्षं ये-जा करत होता.

लढाई चालू होती त्या साली अक्षय तृतीयेला ते आंब्यांची पाटी घेऊन केनवडला पोचले तेव्हा तांब्या केव्हाच कोरडा पडला होता. मनकर्णेची सासू चतुराबाई पाण्याचा पेला घेऊन ओसरीवर आली.

"घ्या इवाई. वैशाख हाय. आमच्या हिरीत काही इख नाई कालवलं."

जगदेवरावांनी पेल्यावर पालथा हात धरला. "नेम हाय, इहीनबाई."

"तीन वर्सं झाले, हा पेला जसा येते तसाच जाते. त्याले बी आता तुमची लाज वाटून राह्यली."

जगदेवरावांनी हसायला तोंड उघडलं आणि त्यातून आरोळी निघाली. कमरेत कोणी पराणीची आर घुसवून फिरवावी तशी कळ आली. ते ओसरीवर आडवे झाले, मग उभे राहिले, मग पुन्हा आडवे झाले. व्याही नानाजी, जे एरवी तोंड उघडत नसत आणि पाय उचलत नसत, ते धावत जाऊन हबीब हकीमांना घेऊन आले.

"कळ कमरेतून निघून खाली जांघेत उतरते का?" हकीमांनी विचारलं.

"उतरली ना बापा! उतरली!"

"मंग काम सोपं हाय. मुतखडा हाय. अन् दाराजवळ आला."

"माह्या पोटात गोटा आलाच कसा? इथं तं मी शिताले बी शिवलो नाई!"

"जगदेवभाऊ, गोटा खाल्ल्यानं नाई होत, पाणी न पिल्यानं होते. पाठीच्या दोन अंगाले दोन गुर्दे हायेत, मुठीएवढे, वालाच्या दाण्यासारखे वाकडे. आंगातलं सारं रक्त त्यायच्यातून जाते. एकडाव नाई, दिवसभर अन् रातभर, पुन्हा पुन्हा. ते बिचारे गाळून राह्यले. कामाचं असन ते रक्तात वापस धाडतात, खार अन् मैल पाण्यासंगं खाली लोटतात. तुमी पाणीच नाई दिलं तं लोटतीन कायनं?" हकीम मनकर्णेकडे वळले. "बेटी, पाणी तापवायच्या हंड्याच्या बुडाले काय बसते?"

"पांढरा खार बसते, काका. घासून घासून बोटं सोलतात."

"तोच बसला तुह्या बाच्या आंगात. हंडा तं तू घासशील. गुर्दा कोण घासन?"

चतुराबाईने पुन्हा पेला पुढे केला. जगदेवरावांनी कण्हत तोंड फिरवलं. "गाडी जुंपा. किन्हीराजाले जाऊन पितो."

"जुंपा ना," हकीम म्हणाले. "बैल पोचतीन. तुमचं मी सांगत नाई."

मनकर्णा मात्र तडकली. "बाबा, तुमी पेल्यावर हात धरता, अन् सारं गाव माह्या पोटाकडे पाह्यते! माहं लेकरू काय तुमच्या तहानेसाठी घाई करून येईन?"

ही रक्कम जगदेवरावांच्या हिशेबात कुठेच नव्हती. पण नेम तो नेम. "मले शिवेच्या पल्याड न्या," ते म्हणाले.

चौघांनी त्यांना बाजेवर घालून बाज खांद्यावर घेतली. माणूस असा गावाबाहेर निघालेला पाहून पारावरच्या म्हाताऱ्यांनी टोप्या काढल्या. "कवा गेले?" एकाने हळूच विचारलं.

"अजून जाऊनच राह्यलो!" जगदेवराव बाजेवरून ओरडले.

गावाची शीव म्हणजे एक कोरडा नाला. पलीकडे शेजारच्या गावची विहीर होती आणि एक बाभूळ. बाभळीखाली बाज ठेवली, फिरकीच्या तांब्याला दोर बांधून मनकर्णेने पाणी काढलं.

"दोर केनवडचा हाय," जगदेवराव क्षीण आवाजात म्हणाले.

"मंग दोर नका पिऊ!" नाल्याच्या अलीकडून चतुराबाई गरजली.

जगदेवराव प्यायले. हकीमांनी आपल्या पेटीतले कुळीथ आणि गोखरू काढून त्याच तांब्यात काढा उकळायला लावला. "याची मदत होते, पण खरं औषध त्या हिरीत हाय. एकदम नका ढोसू, थांबून थांबून प्या. लघवी लागली तं दाबू नका. खडा मोठा असता तं अकोल्याच्या दवाखान्यात धाडलं असतं, हा लहान दिसते. अन् पुढं बी लक्षात ठेवा, लोणचं कमी अन् पाणी जास्त." लघवी गाळून खडा हाती लागावा म्हणून त्यांनी फडकं मागितलं. चतुराबाईने जुन्या लुगड्याची धांदोटी फाडून दिली. जगदेवरावांनी ती 'उसनी' म्हणून घेतली.

तोवर तमाशा पाहायला निम्मं केनवड नाल्यावर जमलं होतं. दिवस कलला आणि जगदेवराव एकाएकी बाजेवरून उठले. आडोसा शोधू लागले. बाभूळ त्यांच्याहून बारीक. एकच दाट झुडूप दिसत होतं, तरवडाचं, नाल्याच्या अलीकडच्या काठावर. धोतर सावरत, वाकून, ते तिकडे पळाले. गाव पाठमोरं होऊन श्वास रोखून उभं राहिलं.

आधी काहीच नाही. मग एक किंकाळी. मग हसू.

जगदेवराव फडकं सांभाळत बाहेर आले. त्यात तुरीच्या दाण्याहून बारीक, काटेरी, भुरकट खडा होता.

"एवढ्याश्यानं मले बाजेवर घातलं?"

"निघाला!" हकीम म्हणाले. पोरांनी टाळ्या पिटल्या.

चतुराबाई कमरेवर हात ठेवून पुढे आली. "हे झुडूप कोन्या गावचं?"

नानाजींनी खाकरून घेतलं. "आपल्याच वावराच्या बांधावर हाय."

"म्हंजे हा खडा आमच्या शिवेत पडला. सणाच्या दिवशी पाहुण्यानं आमच्या शिवेत जे दिलं, तो आहेर झाला. आता सांगा इवाई, या घरानं तुमचा कोनता आहेर परतीबिगर ठेवला?"

जगदेवरावांनी मनातल्या मनात सगळ्या टोप्या आणि सगळे खण उलटेपालटे केले. कुठेच बाकी निघेना. "नाई ठेवला," ते म्हणाले.

"मंग हा घ्या परतीचा." तोच पेला, केनवडच्याच विहिरीच्या पाण्याने काठोकाठ भरलेला.

जगदेवरावांनी मनकर्णेकडे पाहिलं. तिने पदर तोंडात धरला होता. आज तिच्या पोटाकडे एकही डोळा नव्हता. सगळं गाव जगदेवरावांच्या हाताकडे पाहत होतं.

त्यांनी पेला घेतला आणि घटाघट संपवला.

"फिटलं," मिशा पुसत ते म्हणाले, आणि रिकामा पेला त्यांनी पुन्हा पुढे धरला.

"आता हा कायचा?" चतुराबाईने विचारलं.

"गुर्दे दोन हायेत म्हणे, इहीनबाई."