सत्यवतीच्या बांधावरचा वाळा

आमच्या वाडीत माझ्याइतके स्वच्छ बांध कुणाचेच नव्हते. हे मलाच सांगावं लागतं, कारण दुसऱ्या कुणाचं तोंड कौतुकाला उघडत नाही. डोंगरउतारावर माझं नाचणीचं शेत. त्याचे बांध मी दर पावसाळ्यात खुरप्याने खरवडून असे काढायची, की पत्रावळ न घेता वर भात वाढावा. बांधावर गवताची काडी दिसली तरी मला जेवण गोड लागायचं नाही.

शेजारची सत्यवती माझ्या अगदी उलट. तिच्या बांधांवर कमरेएवढा वाळा माजलेला. ज्याच्या मुळ्या आपण उन्हाळ्यात माठात टाकतो, तोच. वीस वर्षं मी येताजाता तिला ऐकवत आले, “सते, तुझ्या बांधात म्हस हरवंल गो!”

“हरवली तर तुलाच धाडीन शोधाया,” ती म्हणायची.

गेल्या आषाढात माझी नात रुचिता कॉलेजातून सात रिकाम्या बाटल्या घेऊन आली. वाडीची सात शेतं उतारावर आहेत, आणि साती शेतांचे ओहोळ एकाच खाजणातून, खाडीकाठच्या दलदलीतून, समुद्रात जातात. प्रत्येक ओहोळाची एकेक बाटली भरून तिने देवळाच्या पायरीवर मांडली.

“आजी, आपल्या किनाऱ्याच्या खडकाळ खडपात ओहोटीला डबकी राहतात ना, त्यांत पोवळी हायेत,” ती म्हणाली. “दगडासारखी दिसतात, पण जिवंत. शेतातला गाळ त्यांच्यावर बसला की गुदमरतात.”

“दगड गुदमरतो? फी भरून हेच शिकतेस?”

पण पोर हटली नाही. भाताची लावणी उरकली होती, गाळ अडवायच्या कामाला पुढच्या रविवारी सगळी वाडी मोकळी होती. तेवढा एकच दिवस. साती शेतं एका दिवसात होणार नव्हती. म्हणून जिथून सगळ्यात जास्त माती जाते ते एकच शेत धरायचं, असं तिचं म्हणणं. मी सगळ्यांसमोर सांगून टाकलं, “बाटल्या कशाला? सतीचं शेत धरा. रान माजवलंय तिने.”

दुसऱ्या दिवशी गाळ खाली बसला. एका बाटलीत नारळाच्या पाण्यासारखं नितळ पाणी, आणि एकीत चार बोटं लाल चिखल.

“ही घाणेरडी कुणाची गो? सांग, लाजू दे तिला जरा.”

रुचिता पायाच्या अंगठ्याकडे बघत म्हणाली, “आजी, आपली.”

नितळ कुणाची ते विचारायची मला गरज पडली नाही. सत्यवती पदराआड हसत होती. माझे खरवडलेले बांध! पावसाचा थेंब पडला की उघडी माती सुटायची आणि धावत समुद्रात. तिची माती वाळ्याच्या मुळांनी धरून ठेवलेली. माझ्या सासूने शिकवलेलं, मी मिरवलेलं, ते सगळं त्या चार बोटांत बसलं होतं.

घरी आल्यावर रुचिता हळूच म्हणाली, “निम्मा गाळ आपल्या एकट्या शेताचा हाय. दगडी बंधाऱ्याचे सरकारी कागद दोन वर्षं फिरतील. वाळ्याचे मुळांसकट ठोंब लावले तर एका दिवसाचं काम, फुकटात. पण एवढा वाळा एकीच्याच बांधावर हाय. मी मागून आणू?”

“शेत माझं, जीभ माझी. मी जाते.”

सत्यवती ओटीवर सुकट निवडत बसली होती. “कोण, ठमी? वाट चुकलीस काय?”

“वाळ्याचे ठोंब पायजेत.”

“माझ्या बांधातल्या म्हशी आधी काढू दे!” ती इतकी हसली की सूप कलंडलं. मग म्हणाली, “माझ्या आयशीने शिकवलेला वाळा हाय तो. पहिल्याच वर्षी तुला सांगणार होते. तू बोलू दिलंस कधी? ठोंब हवे तेवढे ने. पण ओळी मी सांगेन तशा लावायच्या, आणि लावून होईपर्यंत तू एक शब्द बोलायचा न्हाय. बोललीस की ठोंब परत.”

यापेक्षा तिने माझी म्हैस मागितली असती तर बरं.

रविवारी निम्मी वाडी वाळा लावायला आली आणि निम्मी मला गप्प बघायला. रुचिताने पातळी बघायची गवंड्याची पाण्याची नळी आणली होती, पण सत्यवती म्हणाली, “नळी कशाला? माझा डोळा हाय.” उताराला आडव्या, एका पातळीत पाच ओळी. मुळं धरेपर्यंत माती अडावी म्हणून ओळींमागे झाडाच्या फांद्या. वाडीतला हरेश्वर मुद्दाम माझ्यासमोर येऊन विचारी, “काकी, आज तब्येत बरी ना?” मी त्याच्या हातात आणखी चार ठोंब कोंबले. जेवताना भाजीत मीठ नव्हतं. तेही गिळलं.

दुपारनंतर बघते तर तिसरी ओळ मधेच खाली उतरलेली. तिथे पाणी जमणार, बांध फोडणार, आणि माझी माती पुन्हा समुद्रात. बोलले तर ठोंब जातात, न बोलले तर शेत. मी खोकले, हातवारे केले. सत्यवती म्हणाली, “हिला उचकी लागली वाटतं, पाणी द्या.”

मग मात्र राहवलं नाही. “सते, उपट तुझे ठोंब आणि ने घरी! पण ती ओळ वाकडी हाय!”

रुचिताने नळी धरली. दोन टोकांच्या पाण्यात चांगला वीतभर फरक. सत्यवतीने नळीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“एवढा वेळ का गप्प बसलीस गो भवाने?”

“तूच बसवलंस!”

ती मटकन खाली बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली आणि मीही. मग दोघींनी ती ओळ उपटून नळी धरून पुन्हा लावली, आणि लावताना मी दिवसभराचं सगळं बोलून घेतलं. मिठाचंही.

यंदा आषाढात माझ्या बाटलीत एकच बोट गाळ बसला. पावसाळा सरल्यावर अवसेच्या ओहोटीला रुचिता आम्हा दोघींना खडपात घेऊन गेली. सारा जन्म इथे गेला, पण डबक्यात वाकून कधी पाहिलं नव्हतं. तळाशी हिरवट, तपकिरी, बारीक बारीक फुलं कोरल्यासारखी पोवळी, आणि त्यांच्यावर माझ्या शेताच्या लाल चिखलाचा थर नाही.

शेवाळावर सत्यवतीचा पाय घसरला. मी तिचं मनगट धरलं. “पडायचं तर त्या बाजूला पड. ही पोवळी वर्षाला जेमतेम नखाएवढी वाढतात.”

“आणि मी?”

“तू दर दिवाळीला वीतभर.”

तिने ओंजळभर खारं पाणी माझ्या तोंडावर मारलं. मी तिच्या.