विद्याधरअण्णांची शिफारस

विद्याधरअण्णा दारातून आत आले आणि बाकावर बसलेली भूमिका ताडकन उठली. ओढणीच्या टोकानं आपली जागा पुसून तिनं त्यांना बसायला दिली.

"अण्णा, तुम्ही? माझ्यासाठी एवढ्या लांब आलात?"

आता काय सांगायचं, कप्पाळ! मल्लेश्वरमच्या त्या ऑफिसात अण्णा आले होते ते भूमिका जिच्यासाठी आली होती त्याच नोकरीसाठी. आनेकलच्या वाटेवर कपड्यांचा नवा कारखाना निघत होता. त्याच्या टाइम ऑफिसात बसून कामगारांची हजेरी सांभाळायला एक माणूस हवा होता. एकच. हे सरळ सांगून मोकळं व्हावं असं अण्णांना वाटलं, पण तोंड उघडेना.

"इकडे काम होतं," ते म्हणाले. "म्हटलं, डोकवावं."

"साहेब ओळखीचे आहेत का?"

अण्णांनी मान हलवली. ती होकाराची की नकाराची, ते ज्याचं त्यानं ठरवावं. भूमिकानं होकाराची ठरवली आणि तिचा चेहरा एकदम उजळला.

तिचाही दोष नव्हता. चामराजपेटेतल्या समाजाच्या सभागृहात दर रविवारी अण्णा बेकार पोरापोरींना मुलाखतीचे धडे देत. रेडिओच्या कारखान्यात माणसं भरती करण्यात त्यांची हयात गेलेली. त्यामुळे सभागृहातही ते टेबलापलीकडे साहेब होऊन बसत आणि एकेकाला घाम फोडत. "येत नसेल तर येत नाही म्हण, थापा मारू नकोस. नकार आला तर भिंतीला डोकं लावून बसू नकोस, दुसऱ्या दिवशी दुसरा अर्ज टाक." पोरं कान देऊन ऐकत. कारखान्याला टाळं लागल्याचं सगळ्या पेटेला माहीत होतं. पण अण्णांनीच सांगून ठेवलं होतं, आपल्याला भरपूर मिळालंय, आता पोटासाठी नाही, समाजासाठी करायचं. खरं म्हणजे वसुमतीबाई लोकांच्या साड्यांना फॉल लावून घर चालवत होत्या, आणि अण्णांचे स्वतःचे अर्ज एकामागून एक परत येत होते. लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय!

भूमिका जवळ सरकली. "अण्णा, एक विचारू? त्यांनी लग्नाचं विचारलं तर काय सांगू? परवाच ठरलं. डिसेंबरात आहे."

"अरे वा! मुलगा कुठला?"

"बेळगावचा. पण ते इकडे बदली करून घेणार आहेत. मी आधीच सांगितलंय, नोकरी सोडणार नाही म्हणून. आप्पांना आता सुईत दोरा ओवता येत नाही, दुकान बंदच पडल्यासारखं आहे. लग्न झालं तरी घर मलाच बघायला हवं."

"मग आपणहून बोलू नकोस," अण्णा म्हणाले. "पोरीचं लग्न ठरलंय एवढं ऐकलं की साहेबाच्या कानात पुढचं काही शिरत नाही. मी इतकी वर्षं त्या खुर्चीत बसलोय, मला विचार."

"सरी, अण्णा," तिनं मान डोलावली.

सल्ला अगदी खरा होता. थोड्या वेळानं शिपायानं तिला आत बोलावलं, आणि बऱ्याच वेळानं ती बाहेर आली ती हसतच. "सगळं आलं! लग्नाचं विचारलंच नाही!" एवढं ती कुजबुजते न कुजबुजते तोच शिपायानं पुकारलं, "विद्याधर राव!"

"बघा, साहेबांनी नाव घेऊन बोलावलं," भूमिका अभिमानानं म्हणाली. "जा अण्णा. स्वल्प माझं बघा."

आतल्या साहेबाचं नाव उपेंद्र. अण्णांच्या धाकट्या भावाएवढा असेल. तो इंग्रजीत बोलत होता, पण मोठ्या अदबीनं. त्यानं कागद चाळले, कारखाना कसा बंद पडला ते विचारलं आणि हळहळला.

"खरं सांगतो, राव," तो म्हणाला, "तुमचं वय या जागेला जरा जास्त होतं. आत्ता येऊन गेली त्या मुलीला घ्यावं असं माझ्या मनात आहे. तिला तुम्ही शिकवलंत म्हणे. तुम्ही तर माणसं पारखण्यात मुरलेले. तुमचं मत सांगा ना. टिकेल ती?"

टिकेल. एका शब्दाचं काम होतं. अण्णांना तो शब्द ठाऊक होता आणि तो खरा आहे हेही ठाऊक होतं. पण सकाळी निघताना वसुमतीबाईंनी हातावर दही घातलं होतं आणि 'यश घेऊन या' हे नेहमीचं बोलणं या खेपेला त्यांच्या तोंडून निघालं नव्हतं.

"फार हुशार मुलगी," ते म्हणाले. "कष्टाळू. प्रामाणिक."

उपेंद्रनं मान डोलावली.

"डिसेंबरात लग्न आहे तिचं."

"असं? इथंच?"

"मुलगा बेळगावचा."

उपेंद्रनं पेनचं टोपण लावलं. बदलीचं वाक्य अण्णांच्या अगदी जिभेवर होतं. साहेबही त्यांच्याकडे बघत थांबला होता, घाई करत नव्हता. अण्णा समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडराकडे बघत राहिले.

"बरं झालं सांगितलंत," उपेंद्र म्हणाला. "हल्ली एवढं स्पष्ट कोण सांगतं? तुम्ही सोमवारपासून येऊ शकाल?"

"येऊ शकेन."

बाहेर भूमिका उभीच होती. "काय म्हणाले?"

"उत्तरं छान दिलीस म्हणाले."

"आणि तुम्ही काय सांगितलंत?"

"हुशार आहे म्हणून सांगितलं. कष्टाळू आहे म्हणून."

तिनं मागचापुढचा विचार न करता, सगळ्यांच्या देखत, वाकून त्यांच्या पायांना हात लावला. अण्णांना पाय मागे घ्यायचे होते, पण मागे बाक होता. आशीर्वादासाठी हात उचलला, तो तिच्या डोक्यापर्यंत जाईना.

"निकाल सोमवारी कारखान्यावर येऊन विचार म्हणालेत," ती उठत म्हणाली. "टाइम ऑफिसात तात्पुरता जो कुणी बसला असेल तोच सांगेल म्हणे. तुमच्या ओळखीचाच असेल ना तो अण्णा? त्याला स्वल्प सांगून ठेवाल?"

"सांगतो," अण्णा म्हणाले.