सूर्यभानला सूर्य वर्ज्य

तिवशाच्या सूर्यभानला डॉक्टरांनी सूर्य बंद केला. लघवीतून रक्त जायचं. मूत्राशयात कर्करोगाची गाठ निघाली. अमरावतीला परदेशात शिकून आलेले डॉक्टर कमलाकांत म्हणाले, नवं औषध आहे. रक्तातून फिरत गाठीत जाऊन बसतं, अंधारात गुमान राहतं, आणि नळीतून आत उजेड सोडला की गाठीसकट पेटतं. तसा उजेड सोडून झाला. पण थोडं औषध कातडीतही मुरलं होतं. ते उतरेपर्यंत महिनाभर अंधारी खोली. उजेड लागला की अंग भाजणार.

सुभद्रानं खिडकीला घोंगडी ठोकली. नवऱ्याचं ताट ती दाराच्या फटीतून आत सरकवायची. रिकामं ताट बाहेर यायचं. माणूस दिसायचा नाही.

शेजारच्या केशरबाईनं सुपारी कातरत सगळं ऐकून घेतलं. "उजेड सोसत नाई. सावली पडत नाई. दाराशी ठेवलेलं खाते. दिवेलागणीले बाहेर निंगते. सुभद्रे, हे डॉक्टरनं पथ्य सांगतलं का भुताची वळख?"

"काई बी नका बोलू."

"मी कुठं बोलून राहिली? तूच सांगून राहिली."

सुभद्राच्या डोक्यात ते बसलं. दवाखान्यातून सूर्यभान आला तो पांघरुणात गुंडाळलेला. तोंड तिनं पाहिलंच नव्हतं. तो तिथंच गेला असेल, आणि पांघरुणातून भलतंच कोणी घरी आलं असेल तर? आवाज त्याचाच होता. पण आवाज काय, कुणीही काढतं. माणूस गेल्यावर पीठ पसरून पावलं पाहतात. तिनं खोलीच्या उंबऱ्याशी ज्वारीचं पीठ पसरलं आणि सूर्यभानच्या मागच्या दारी जाण्याच्या वेळेला देवळात जाऊन बसली.

परतली तर पिठात सगळ्या पावलांची बोटं खोलीकडं. बाहेर कुणीच गेलं नव्हतं. आत मात्र दोनदा आलं होतं.

तिनं कंदील उचलला. एकदा तोंड पाहिलं की निकाल. पण आत सूर्यभानच असला तर भाजेल. तिनं कंदील विझवला, आत शिरली आणि चाचपत त्याचे पाय धरले. थंड होते. बोटं पुढं, टाचा मागं.

"काय शोधून राहिली?"

"पायाची बोटं."

"हायेत का?"

"हायेत. मंग पिठात उलटी कावून?"

"मावळतीचा उजेड तोंडावर येते, म्हनून पाठ करून निंगतो. आता तुहे पाय दे."

"माहे कावून?"

"इतके दिवस नुसता एक हात ताट सारून राहिला. बोलत नाई, थांबत नाई. मले वाटलं, तू धसक्यानं मेली आन् हात मांगं राहिला."

तिनं पाय पुढं केले. तपासायला त्यानं बराच वेळ लावला.

महिना भरला. सुभद्रा घोंगडीला हात लावून उभी राहिली. अंधारात तो बोलत होता, जेवत होता. उजेडात लघवीचा रंग दिसणार, गाठ जळली की नाही ते कळणार.

"काढू?"

"थांब जराशी."

ती त्याच्याजवळ येऊन बसली. बाहेरून केशरबाई कडी वाजवून हाका मारू लागली. दोघंही श्वास धरून बसले, घरात कुणी नसल्यासारखे.