दमयंतीची हळद

"ता गानं लावू नको, प्रभाकर," जनीबाय पुन्हा म्हणाली.

उलव्यातल्या त्यांच्या इमारतीखाली मांडव घातला होता. नात किशोरीची हळद संध्याकाळी लागायची होती, आणि खांदा कॉलनीतून आलेला साउंडवाला प्रितम एकावर एक स्पीकर चढवत होता.

"आये, व्याह्यांनी मुद्दाम सांगितलाय. त्यांचे लग्नान तुजीच कॅसेट वाजलेली. आथा नाय कसा बोलू?"

"मी म्हनते ना तोंडान."

"तुजा आवाज आता बाजूला बसून बी आयकू येत नाय." प्रभाकर हसला, पण आईकडे पाहून जवळ सरकला. मग हळूच म्हणाला, "नाव कोन आयकतंय गो? लोक नुसते नाचतान."

जनीबाय धवलारीण होती. मांडवात देवांना आवतण द्यायचं आणि नवरीचं नाव घेत धवले, म्हणजे लग्नाची गाणी, म्हणायचे, हे तिचं काम. नव्वदच्या दशकात आगरी-कोळी गाण्यांच्या कॅसेटींना ऊत आला. बेंजो, ढोलकी, कॅसिओ. पनवेलच्या बाजारात दुकानं दिवसभर वाजत असायची. तेव्हा एका कंपनीने जनीबायलाही बोलावलं. गादी लावलेल्या भिंतींच्या त्या खोलीत ना मांडव होता, ना नवरी. आणि नावाशिवाय तर धवला उभा राहत नाही. जुन्या धवलारणींनी बजावलं होतं, देवीचं नाव घाल, मांडव नसताना खऱ्या पोरीचं घालू नको. पण माइकसमोर जनीबायच्या ओठांवर आलं ते शाळेत जाणाऱ्या तिच्या लेकीचं, दमयंतीचं.

कॅसेट घरोघर गेली. मग मांडवात जनीबायला कोण बोलावणार? तिचा आवाज दुकानात मिळत होता. पुढे दमयंतीचं लग्न ठरलं, पत्रिकाही वाटल्या, आणि हळदीच्या आतच ती काविळीने गेली. उरण-पनवेलच्या कितीतरी पोरींना तिच्या नावाने हळद लागली. तिला स्वतःला लागलीच नाही. तेव्हापासून जनीबाय देवीचा मंगळवार कडक पाळायची. कुठल्या मांडवातून ते गाणं आलं की उठून आत जायची.

आता ते नाव किशोरीवर पडणार होतं.

प्रभाकर आचाऱ्याकडे गेला, तशी ती प्रितमजवळ येऊन उभी राहिली. "बाला, ह्या गान्यातना नाव काराय येतंय?"

"येतं की, आजी. आवाज कापायचा, खाली ढोलकी चालू ठेवायची. त्या जागी तुम्ही माइकवर किशोरीचं नाव घ्या. लोक वेडे होतील." त्याने लॅपटॉप उघडला. एकेक नाव शोधून तो पुसत गेला. जनीबाय पडद्यावरच्या रेषा बघत राहिली. काम झाल्यावर तो थांबला. "जुनं पण राहू दे का? मूळ कॅसेट आता कुणाकडे नाही. सगळे माझ्याकडूनच घेतात."

जनीबायने पदर सारखा केला.

"नको. परक्या मांडवान आता तिला नको फिरवू."

संध्याकाळी किशोरी पाटावर बसली. बायकांनी तिला घेरलं. स्पीकरमधून तरण्या जनीबायचा आवाज आला, खणखणीत, न थकलेला. व्याही मोबाइल उंच धरून पुढे सरकले. जनीबायने माइक तोंडाशी नेला.

नावाची जागा आली. तिची जीभ दातांना लागली, आणि कुठलं नाव येतंय ते तिला कळलं. तिने ओठ मिटून घेतले. नुसती ढोलकी वाजून गेली.

"आजी, माजा नाव घे ना," किशोरी हळदीच्या तोंडाने हसत म्हणाली.

पुढची जागाही रिकामी गेली. व्याह्यांनी मोबाइल खाली केला. "म्हातारी इसारली वाटतं," मागून कुणीतरी म्हणालं.

प्रभाकरची बायको भावना बायकांतून पुढे आली. तिने सासूच्या हातातून माइक काढून घेतला आणि पुढच्या जागेवर आपल्या बेसूर गळ्याने "किशोरीबायला" असं घातलं. बायका खिदळल्या. त्यानंतरच्या जागेला सगळ्यांनीच नाव उचललं.

जनीबाय गुडघ्यांवर हात टेकत खाली बसली. परातीतली ओली हळद तिने ओंजळीत घेतली आणि नातीचा पाय मांडीवर ओढला. घोट्यापासून बोटांच्या बेचक्यांपर्यंत, कुठे कोरं राहू नये अशी, ती मान खाली घालून हळद लावत राहिली.