स्थिरबाबाचा पट्टा

"हललात की सांडलात!" स्थिरबाबा गरजला आणि सगळं सभागृह एका सुरात म्हणालं, "हललो की सांडलो!"

मुंगीला शिरायला जागा नव्हती. शिलाई कारखान्यातल्या झाडून साऱ्या बाया, त्यांचे नवरे, सासवा, आणि पहिल्या रांगेत खुद्द कारखान्याचे मालक. व्यासपीठावर गादी, गादीवर बाबा, बाजूला पाण्याचा तांब्या.

"शरीर म्हणजे बादली, हालचाल म्हणजे तिचं भोक," बाबा सांगत होता. "चालता, वाकता, जिने चढता आणि वर म्हणता पाठ दुखते! दुखणारच! शक्ती रस्त्यावर सांडून आलात. डोळे मिटा, आत बघा, स्थिर बसा. सांडलेलं भरून काढायला हा पट्टा आहेच!"

मग चमत्कार. मालकांचा धिप्पाड ड्रायव्हर वर आला, डोळे मिटून एका पायावर उभा राहिला, हात बाजूंना पसरले. बाबाने हातावर दोन बोटं टेकली मात्र, गडी कोलमडला. मग कमरेला पट्टा बांधला. तोच पाय, तीच बोटं. बाबा घाम फुटेस्तोवर दाबत राहिला, पण ड्रायव्हर हलेल तर शपथ! टाळ्यांनी छप्पर उडायचं तेवढं बाकी राहिलं.

मालकांच्या टाळ्या सर्वांत मोठ्या होत्या. का नसाव्यात? पट्टे आल्यापासून कारखान्यात पाय मोकळे करायला कुणी मशीनवरून उठत नव्हतं.

शेवटच्या रांगेत एकजण मात्र हाताची घडी घालून बसली होती. ती शाळेत मुलांना कुस्ती आणि कसरती शिकवणारी खेळाची बाई. शेजारी तिची थोरली बहीण, उजवा पाय लाकडासारखा सरळ पसरून. ताई याच कारखान्यात शिवणकाम करायची. गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा डॉक्टरांनी बजावलं होतं, "दुखलं तरी रोज वाकवायचा, नाहीतर आखडेल." वाकवताना ताईच्या डोळ्यांत पाणी यायचं. दुखणाऱ्या माणसाला 'हलू नकोस' हे ऐकायला किती गोड लागतं! बाबाने पट्टा बांधला आणि ताईने व्यायाम सोडला. बाई तेव्हा मुलांना घेऊन परगावी शिबिराला गेली होती. परत येऊन बघते तो गुडघा आखडलेला. अजून सुटेल, डॉक्टर म्हणाले, पण तिनं मनावर घेतलं तर.

"बाबांवर शंका घेऊ नकोस," ताईने बहिणीलाच सुनावलं. "मागच्या सभेत मी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलंय."

तेव्हापासून बाई आतून जळत होती. बाबाला सुधारायचं वगैरे तिच्या मनात नव्हतं. तिला तो पडलेला बघायचा होता, याच लोकांपुढे, त्याचाच पट्टा बांधून.

ती उठली आणि तरातरा व्यासपीठावर गेली.

"बाबा, एक इच्छा आहे. पट्टा तुम्ही बांधा, दोन बोटं मी लावते. खरी स्थिरता लोकांना बघू द्या."

"गुरूची परीक्षा घ्यायची नसते, बाळ," बाबा मधाळ हसला.

"होऊन जाऊ द्या, बाबा!" मालक खालून ओरडले. "एवढीशी बाई, ती काय पाडणार तुम्हाला!"

इकडे आड, तिकडे विहीर. बाबाने पट्टा आवळला, हात पसरले, एक पाय उचलला. बाईने त्याच्या मनगटावर दोन बोटं ठेवली आणि अलगद खाली, बाहेरच्या अंगाला दाबली. स्थिरबाबा पाण्याच्या तांब्यासकट आडवा झाला. सांडला, अक्षरशः.

"या बाईची नजर वाईट आहे!" चोराच्या उलट्या बोंबा सुरू झाल्या.

बाईने पिशवीतून फरशी पुसायचं फडकं काढलं आणि ड्रायव्हरच्या कमरेला बांधलं. "राहा एका पायावर." तिने त्याच्या कोपराच्या आत दोन बोटं रोवली, सगळा जोर लावला. ड्रायव्हर जागचा हलला नाही.

"बघा, फडक्यातही शक्ती आहे!" ती लोकांकडे वळली. "अहो, मनगटावर बाहेरच्या बाजूला दाबलं की तोल पायाबाहेर जातो, माणूस पडतो. कोपराजवळ अंगाकडे रेटलं की भार उभ्या पायावर येतो, माणूस टिकतो. शाळेतल्या पोरांना मी कुस्तीत हेच शिकवते. पट्ट्याआधी बाबांची बोटं मनगटावर, पट्ट्यानंतर कोपराजवळ. तुम्हाला दिसलं नाही, कारण तुम्ही पट्ट्याकडे बघत होतात. ज्याला कळलं असतं त्याला तर डोळेच मिटायला लावले! करून बघा एकमेकांवर."

लोक रुमाल बांधून एकमेकांना पाडू लागले. आधी हसू फुटलं, मग ते विरलं. एकेक पट्टा व्यासपीठावर येऊन पडू लागला.

बाबा अजून खालीच होता. इतकी वर्षं गादीवर बसून त्याचेच गुडघे आखडले होते. "अरे, उठवा कुणीतरी," त्याने हात पुढे केला.

खुर्च्यांचा आधार घेत, ताठ पाय ओढत ताई पुढे आली. कमरेचा पट्टा सोडून तिने त्याच्या अंगावर टाकला.

"हलू नका, बाबा. हललात की सांडलात."

हात द्यायला कुणीही पुढे झालं नाही. बाईला दया यायला हवी होती, असं कुणी म्हणेल. ज्याच्या घरातला गुडघा आखडला नाही, त्याने खुशाल म्हणावं.

आता एवढंच सांगणं आहे. आत बघा म्हणून जो डोळे मिटायला लावतो, त्याच्यापुढे आधी डोळे उघडा. अंग दुखत असेल तर डॉक्टरला दाखवा. बसून बसून आंबला असाल तर उठा, चाला, आणि चालताना आपलं पाऊल कसं पडतंय ते बघा. त्याला पट्टा लागत नाही.

ताईचा गुडघा अजून पुरता वाकत नाही. रोज सकाळी बाई तो वाकवते, आणि दर वाकवण्याला ताई कण्हत बाबाला एक सणसणीत शिवी हासडते.

"गुडघा सुधारतोय," डॉक्टर म्हणाले. "शिव्या चालू ठेवा."